मंडळीच्या जमाखर्चात गरिबांचा वाटा: इंदुरातल्या चर्चसाठी कामाची रीत

नाताळच्या आठवड्यात डाळ-तांदळाच्या पिशव्या वाटणे बहुतेक मंडळ्यांना जमते. ती सेवा चांगलीच आहे. पण परदेशीपुऱ्यातल्या ज्या बाईच्या हातात ती पिशवी जाते तिची अडचण जानेवारीतही तशीच असते. तीन घरच्या कामाचा पगार वेळेवर मिळत नाही, नवऱ्याची मजुरी ठेकेदाराकडे अडकलेली असते आणि दर आठवड्याला कर्जाचा हप्ता दारात उभा असतो. पवित्र शास्त्रातले गरिबांविषयीचे नियम नेमके याच गोष्टींचे आहेत: मजुरी, कर्ज, गहाण, खोटी मापे. म्हणून पुढची रीत त्याच क्रमाने मांडली आहे. आधी आपल्या घरची मजुरी, मग दुसऱ्याकडे अडकलेली मजुरी, मग कर्ज आणि शेवटी सरकारी हक्क.

आधी चर्चचे स्वतःचे पगारपत्रक

चर्च कमिटीच्या पहिल्या बैठकीत कोऱ्या कागदावर चर्चसाठी राबणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. झाडलोट करणारी बाई, चौकीदार, कबरस्तानात खड्डा खणणारा, माळी, पाळकांच्या बंगल्यावरची कामवाली, चर्चच्या शाळेतली आया, बसचा ड्रायव्हर. प्रत्येक नावापुढे पाच रकाने करा: महिन्याचा पगार, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख, पगार रोख की खात्यात. हा कागद भरताना खजिनदाराला बऱ्याच ठिकाणी थांबावे लागेल. तो थांबतो ती प्रत्येक जागा म्हणजे मंडळीचे पहिले काम.

पगार किती असावा याचा अंदाज बांधत बसू नका. मध्य प्रदेशात किमान वेतनाचे दर महागाई भत्त्यासह वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, जाहीर होतात. अकुशल, अर्धकुशल, कुशल असे दर वेगवेगळे असतात. राज्याच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदुरातच आहे, त्यामुळे ताजे दरपत्रक मिळवणे अवघड नाही. ते छापून पगारपत्रकाशेजारी ठेवा आणि फरक लाल शाईने लिहा. तफावत मोठी असेल आणि एकदम भरता येत नसेल, तर ती भरून निघण्याची तारीख ठरवून इतिवृत्तात नोंदवा. तारीख न घातलेला ठराव पुढच्या वार्षिक सभेत तसाच पडून असतो.

पगाराच्या दिवसाविषयी शास्त्र आणि कायदा एकच सांगतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. अनुवाद 24:15 म्हणते, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली वेतन संहिताही रोजंदारीवरच्या माणसाला पाळी संपताच पैसे द्यायला सांगते. आठवड्याच्या बोलीवर असलेल्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याची 7 तारीख संपण्याआधी. कबरस्तानात खणणाऱ्याला 'अंत्यविधी आटोपल्यावर बघू' असे सांगण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. त्याचे पैसे पाकिटात घालून आधीच मंडळीच्या एका वडिलाच्या (एल्डरच्या) खिशात ठेवा म्हणजे कुटुंबावरही भार येत नाही.

सुट्टीचा रकाना बहुधा रिकामा राहील. शब्बाथाची आज्ञा अनुवाद 5:14 मध्ये कारणासकट दिली आहे: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. चर्चच्या चौकीदाराला रविवारी सुट्टी मिळणार नाही हे उघड आहे. मग त्याला सोमवार द्या, आणि त्या दिवसाच्या बदली माणसाचे पैसे अंदाजपत्रकात धरा. पैसे धरले नाहीत तर सुट्टी फक्त कागदावर राहते आणि तो सोमवारीही येतोच.

चर्चची शाळा किंवा दवाखाना असेल तर आणखी दोन आकडे तपासा. 20 किंवा जास्त माणसे असली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तर 10 किंवा जास्त असली की 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारदारांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. ही संख्या टाळायला आया आणि सफाईवाल्या 'ठेक्यावर' दाखवण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, म्हणजे संस्थेवरच.

यानंतर सभासदांच्या घरांकडे वळा. उपासनेच्या वेळी पाळकांनी एक चिठ्ठी वाटावी, नाव न घालता भरायची. घरच्या कामवालीला महिन्यात किती भरपगारी सुट्ट्या? ती आजारी पडली तर पगार कापता का? मागच्या दोन वर्षांत पगार किती वाढवला? तिचा चहाचा कप वेगळा आहे का? चिठ्ठ्यांचा गोषवारा पुढच्या रविवारी वाचून दाखवा आणि त्यावरच याकोब 5:4 चे, म्हणजे अडवून ठेवलेल्या मजुरीच्या वचनाचे, प्रवचन होऊ द्या. मंडळीने निदान एवढे तरी ठरवावे: महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, पगार 7 तारखेच्या आत, दरवर्षी ठरलेली वाढ, सणाला एक पगार बोनस. पहिल्याच वर्षी सगळी घरे ऐकणार नाहीत. तरी चालू ठेवा.

समिती कोणाची

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 नीट वाचा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार आली, तेव्हा सात जण निवडले गेले आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या लोकांच्या हाती वाटप दिले. इंदुरात याचा सरळ अर्थ असा की गरिबांचे हे काम पाहणाऱ्या सात जणांच्या समितीत किमान तिघे मजुरी किंवा घरकाम करणारे असावेत, त्यात दोन बाया. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवा, नाहीतर त्या येऊच शकणार नाहीत. आपल्या मंडळ्यांत मराठी, हिंदी, मल्याळी आणि झाबुआ-अलीराजपूरकडून आलेली भिली बोलणारी कुटुंबे एकत्र असतात. इतिवृत्त मराठीत लिहिले तरी बोलणे सगळ्यांना कळेल अशा हिंदीत होऊ द्या.

पाळक समितीत सल्ल्यापुरते असावेत. पैशावर त्यांची सही नको. पाळकांच्या हातून मदत गेली की घेणाऱ्याला ती त्यांची मेहेरबानी वाटते आणि नकार दिला तर पाळकपणालाच तडा जातो.

पैसा हाताळण्याची रीत पौलाने 2 करिंथ 8:20-21 मध्ये घालून दिली आहे: वर्गणीवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून ती एकट्याने न नेता बरोबर माणसे घ्यायची. तसेच करा. अर्पण तिघांनी मोजायचे, त्यातले दोघे एका घरचे नसावेत. नोटांची वर्गवारी लिहिलेल्या कागदावर इमारत सोडण्याआधी तिघांच्या सह्या, आणि लगेच पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम बँकेत. गरिबांच्या निधीचे खाते वेगळे हवे. इमारत दुरुस्तीसाठी त्यातून 'तात्पुरते' घेण्याची सोय ठेवलीत तर पहिल्याच पावसाळ्यात तो निधी छपरावर जाईल. 80जी म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलतीची पावती देत असाल तर 2,000 रुपयांवरचे रोख दान सवलतीस पात्र ठरत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नका, मग तो टोरांटोत राहणाऱ्या आपल्याच जुन्या सभासदाने परदेशी नागरिक झाल्यावर पाठवलेला का असेना.

किती पैसा लागतो? समजा, 80 घरांनी महिना 200 रुपये दिले तर 16,000 होतात. त्यातले 9,000 बिनव्याजी कर्जासाठी, 5,000 अचानकच्या गरजेला (औषध, अंत्यविधी, रोजगार बुडाला तर किराणा) आणि 2,000 कागदपत्रांच्या खर्चाला. शेवटचा आकडा लहान दिसतो, पण सर्वांत जास्त फळ तोच देतो.

अडकलेली मजुरी

इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1992 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून सुमारे 224 कोटी रुपये वाटपाला निघाले ते डिसेंबर 2023 मध्ये. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. या शहराला मजुरी थकण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नोंदणीकृत मिलमधल्या माणसाला इतकी वर्षे थांबावे लागत असेल, तर सांवेर रोडच्या शेडमध्ये किंवा एखाद्या बांधकामावर तोंडी बोलीवर राबणाऱ्याकडे दाखवायला कागद तरी काय असतो? मंडळी इथे उपयोगी पडू शकते, ती मजुराला पहिल्या दिवसापासून नोंद ठेवायला शिकवून.

दहा रुपयांची खिशात मावणारी वही घ्या. पहिल्या पानावर साइटचा पत्ता, ठेकेदाराचे नाव आणि फोन, ठरलेली रोजची मजुरी. मग रोज एक ओळ: तारीख, काय काम केले, किती तास, उचल घेतली असल्यास किती, बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे. अशी ओळ दिसते ती 'ता. 12, स्लॅबची सेंट्रिंग, 9 ते 6, उचल 200, सोबत...' एवढीच. लिहिता येत नसेल तर रोज संध्याकाळी मुलीकडून लिहून घ्यावी. आठवड्यातून एकदा साइटवर फोटो काढावा, मागे इमारतीचा फलक दिसेल असा. यूपीआयने आलेल्या उचलीचे मेसेज पुसू नयेत. ठेकेदार 'हा माझ्याकडे कधी कामालाच नव्हता' म्हणतो तेव्हा ही वहीच बोलते. नंतर एका बैठकीत आठवून सगळ्या ओळी एकाच पेनाने लिहिल्या तर तिचे वजन जाते, म्हणून रोजच्या रोज.

मजुरी थकली की क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात समितीचे दोघे मजुराबरोबर ठेकेदाराला भेटतात, आवाज न चढवता वहीचा हिशेब दाखवतात. बरीच प्रकरणे इथेच मिटतात, कारण मजुरापाठीमागे कोणी उभे आहे हे ठेकेदाराला प्रथमच दिसते. मिटले तर रक्कम खात्यात घ्या. पैसे मिळण्याआधी 'काही बाकी नाही' अशा कागदावर अंगठा देऊ नका. नाही मिटले तर स्पीड पोस्टाने पत्र, त्यात एकूण दिवस, दर, उचल, बाकी आणि 15 दिवसांची मुदत. पत्राची एक प्रत मूळ मालकालाही, म्हणजे बिल्डरला किंवा कारखान्याला. त्यानंतर श्रम कार्यालयात अर्ज. वेतन संहितेखाली दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण साक्षीदार मजूर होळीला गावी जातात आणि नंबर बदलतात, म्हणून दोन महिन्यांपलीकडे थांबू नका. वकील परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा मिळते. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. तिथे नुसते गाऱ्हाणे न सांगता अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

एका गोष्टीची काळजी घ्या. मजूर अजून त्याच ठेकेदाराकडे कामाला असेल तर त्याच्या होकाराशिवाय एक पाऊलही टाकू नका. उद्या काम गेले तर चूल त्याची विझेल, समितीची नाही.

कर्ज

सिस्टर राणी मारिया या उदयनगर भागात, म्हणजे इंदूरच्या शेजारच्या देवास जिल्ह्यात, शेतकऱ्यांना सावकारांच्या पकडीतून सोडवण्याचे काम करत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्यांना बसमध्ये भोसकून मारले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात कॅथलिक चर्चने त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले. कर्जाच्या कामात कोणाच्या तरी मिळकतीला धक्का लागतो, हे समितीने आधीच जाणून असावे. म्हणून सावकाराकडे एकट्याने कधीच जाऊ नये.

पहिले काम हिशेब मांडण्याचे. कुटुंबाची सगळी कर्जे एका पानावर लिहा आणि वार्षिक व्याज काढून दाखवा. शेकडा दहा रुपये महिना म्हणजे वर्षाला 120 टक्के. रोजच्या वसुलीच्या डायरीवर 10,000 मागितले, हातात 9,000 आले आणि रोज 100 प्रमाणे 100 दिवस भरले, तर व्याज फक्त 1,000 वाटते. पण मुद्दल रोज कमी होत जाते, सरासरी जेमतेम 4,500 वापरायला मिळतात, त्यामुळे वर्षाचा दर 80 टक्क्यांच्या आसपास पडतो. लोक हिशेबात कच्चे नसतात. हा आकडा त्यांच्यापुढे कोणी मांडलेलाच नसतो.

समूह-कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2022 पासून बांधील आहेत. वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळते. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. 18,000 उत्पन्न असेल तर 9,000 ही हद्द. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. हे चार मुद्दे मोठ्या अक्षरांत छापून चर्चच्या फळ्यावर लावा. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, 30 दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा क्रमांक 14448.

आता मंडळीचे स्वतःचे बिनव्याजी कर्ज. निर्गम 22:25 गरिबाकडून व्याज घेऊ नये म्हणते, अनुवाद 24:6 जात्याची तळी गहाण घेऊ नये म्हणते, कारण तो माणसाचा जीवच गहाण घेणे होय. म्हणून शिलाई मशीन, हातगाडी, मोबाइल, रेशनकार्ड, एटीएम कार्ड यांतले काहीही ठेवून घेऊ नका. लगेच पुढच्या 24:10-11 मध्ये आणखी एक बारीक नियम आहे: गहाण आणायला धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. वसुलीचाही हाच नियम करा. थकलेल्या हप्त्यासाठी कोणी घरात जाणार नाही, रविवारी नाव वाचले जाणार नाही, व्हॉट्सॲपच्या गटात यादी पडणार नाही.

मर्यादा 10,000 रुपये, दहा हप्ते, दोन जामीन, त्यातला एक समितीबाहेरचा. महाग कर्ज फेडण्यासाठी दिले तर रक्कम थेट सावकाराच्या हाती द्या आणि त्याच वेळी कोरे चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर आणि 'पूर्ण फेड' लिहिलेली पावती परत घ्या. हे न घेता पैसे दिले तर तीच रक्कम सहा महिन्यांनी पुन्हा मागितली जाते. हप्ता चुकला तर आठ दिवसांत बसून नवा हप्ता ठरवा. कर्जदार वारला तर बाकी माफ. सातव्या वर्षी जुनी थकबाकी वहीतून काढून टाका, अनुवाद 15 चा नियम तोच आहे. दहांत एक-दोन कर्जे अडकतील हे धरूनच चला. पाच-सहा अडकली तर चूक कर्जदारांची नसते, हप्ता मोठा बसवलेला असतो. मंडळी मोठी असेल तर हे काम बचत गटांकडे द्या, आणि सुरुवातीला चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्या.

कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वांत गरजेचे. महिन्यातून एक शनिवार ठरवा. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, इंटरनेट, आणि बसून फॉर्म भरणारे चार तरुण. आधी समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक) आणि आधारवरचे नाव, जन्मतारीख जुळवा. एका अक्षराचा फरक असला तरी पुढचे अर्ज अडकतात, त्यामुळे दुसरे काहीही भरण्याआधी हे. मग ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारची नोंदणी, वय 16 ते 59. त्यानंतर राज्याची संबल योजना, जिच्यात नोंदलेल्या कामगाराच्या अपघाती मृत्यूला 4 लाख आणि नैसर्गिक मृत्यूला 2 लाख वारसाला मिळतात. अलीराजपूरचे रेशनकार्ड असलेले कुटुंब इंदुरातल्या दुकानातही धान्य घेऊ शकते, फक्त ई-केवायसी झालेली हवी. प्रधानमंत्री जीवन ज्योती (436 रुपये) आणि सुरक्षा विमा (20 रुपये) हे दोन विमे मिळून वर्षाला 456 होतात. पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात आणि तेव्हाच मजुराचे खाते रिकामे असते. मेच्या तिसऱ्या रविवारी याची आठवण करा.

कोणाचेही मूळ कागद चर्चमध्ये ठेवून घेऊ नका आणि ओटीपी ज्याचा त्याने स्वतः टाकावा.

अनुसूचित जातीचे आरक्षण 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही. हा अन्याय आहे आणि तो न्यायालयात व संसदेत मांडण्याचा विषय आहे. पण ई-श्रम, रेशन, संबल यांचा जातीच्या दाखल्याशी संबंध नाही. 'आपल्याला काही मिळत नाही' या समजुतीने ख्रिस्ती मजूर हेही सोडून देतात, त्यांना मुद्दाम बोलावून आणा.

मदत आणि धर्म यांची गाठ नको

कर्जाच्या किंवा शिबिराच्या अर्जात धर्माचा रकाना ठेवू नका. त्या टेबलावर पत्रके नकोत, उपासनेला येण्याची अट नको. मध्यप्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम 2021 मध्ये भेटवस्तू किंवा पैशाचा लाभ प्रलोभनात मोडतो, त्यामुळे ढिलाईची किंमत समितीला आणि मदत घेणाऱ्यालाही मोजावी लागू शकते. कायदा नसता तरी नियम हाच असायला हवा होता, कारण मत्तय 5:45 मधला पाऊस नीतिमानावर पडतो तसा अनीतिमानावरही पडतो. वाटपाचे फोटो काढू नका. लाभार्थ्यांच्या यादीत सभासद नसलेले निम्मे तरी आहेत का, हे दर तिमाहीला तपासा.

तिमाही अहवाल एका पानाचा असावा: किती जमले, किती दिले, किती परत आले, किती मजुरी सुटली, किती अर्ज मंजूर झाले, आणि चर्चच्या स्वतःच्या पगारपत्रकात लाल शाईचे किती आकडे अजून उरले आहेत. तो मंडळीत वाचा, नावांशिवाय, आणि प्रत फळ्यावर लावा.